दुखापत नेमकी केव्हा झाली? : मेंदूच्या बायोमार्करची माहिती सांभाळतानाचा माझा अनुभव

नवी मुंबईतील एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात मी माहिती-व्यवस्थापक म्हणून रुजू झाले, तेव्हा मेंदूला मार लागलेल्या रुग्णांच्या बायोमार्करचा, म्हणजे दुखापतीची खूण सांगणाऱ्या रक्तातील प्रथिनांचा, अभ्यास अर्ध्यावर आला होता. आणि माझ्या हाती सोपवलेल्या एक्सेल फाइलमध्ये काही रुग्णांचे रक्त त्यांना अपघात होण्याच्या आधीच काढलेले दिसत होते. दुखापतीची वेळ आणि नमुन्याची वेळ यांची वजाबाकी केली की उत्तर ऋण येई. माझ्या आधी काम पाहणाऱ्याने अशा ओळी पिवळ्या रंगाने रंगवून ठेवल्या होत्या, कारण मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

कारण कळायला मला कॅज्युअल्टीत जाऊन बसावे लागले. रात्रपाळीला नोंदवहीचे पान ज्या तारखेने उघडते, तीच तारीख सकाळी पाळी संपेपर्यंत चालते. शीव-पनवेल महामार्गावर रात्री ११:४० ला दुचाकीवरून पडलेल्या मुलाचे रक्त मध्यरात्रीनंतर १:२० ला काढले, तरी दोन्ही वेळांपुढे तारीख एकच. त्यात दुसरा गोंधळ असा, की सिस्टर आकडे मराठीत लिहीत आणि संगणकात भरणारा ते इंग्रजी समजून वाचत असे. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. त्यामुळे १:२० ची ९:२० होई आणि एका आकड्यापायी आठ तासांचा फरक पडे. बीटाडीनचे डाग पडलेल्या त्या पानांवर मी बोट ठेवून एकेक वेळ वाचत गेले, तेव्हा पिवळ्या ओळींपैकी बहुतेकांचा उलगडा झाला. मात्र ज्या ओळींत आकडा चुकूनही वजाबाकी धन आली होती, त्या कोणीच रंगवलेल्या नव्हत्या. खरी भीती त्यांची होती, म्हणून शेवटी सगळ्याच नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहायचे ठरवले.

एवढा खटाटोप वेळेसाठी का, असे विभागातल्या एका डॉक्टरांनी विचारले होते. आम्ही मोजत होतो ती दोन प्रथिने वेगवेगळ्या चालीने रक्तात उतरतात. यूसीएच-एल१ हे मुख्यतः चेतापेशींमधले प्रथिन दुखापतीनंतर लवकर वाढते, साधारण ८ तासांच्या आसपास शिगेला पोहोचते आणि झपाट्याने ओसरते. जीएफएपी हे मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींच्या सांगाड्याचे प्रथिन. ते सुमारे २० तासांपर्यंत चढत राहते आणि नंतरही काही दिवस सापडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये या जोडीवर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, तीही १२ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यापुरती. सौम्य दुखापत झालेल्या कोणत्या प्रौढ रुग्णाला सीटी स्कॅनची गरज नाही, हे ठरवायला मदत व्हावी, हा तिचा उद्देश. अशा विषयात आठ तासांची चूक झाली, तर चढावरचा रुग्ण उतारावर जाऊन बसतो आणि त्याचा आकडा कितीही अचूक मोजलेला असला तरी त्याला अर्थ उरत नाही.

कागद ताडूनही काही रुग्णांची वेळ सापडेना. कोणी रस्त्याकडेला बेशुद्ध आढळलेले, कोणी आधी लहान दवाखान्यात नेऊन मग आमच्याकडे पाठवलेले, कोणी बांधकामावरून पडलेले आणि सोबत आलेल्याला नावापलीकडे काहीच ठाऊक नसलेले. पोलिसांना कळवायच्या प्रकरणांचे एमएलसी (मेडिको-लीगल केस) रजिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेचे कागद यांनी काही ठिकाणी साथ दिली. जिथे नेमकी वेळ मिळाली नाही, तिथे एक अंदाजी वेळ ठोकून देण्याऐवजी मी दोन रकाने केले: रुग्ण शेवटचा ठीक दिसला ती वेळ आणि तो जखमी सापडला ती वेळ. प्रत्येक विश्लेषण दोन्ही टोके धरून चालवले. ज्या निष्कर्षाला एका टोकाला आधार मिळतो आणि दुसऱ्या टोकाला मिळत नाही, तो निष्कर्ष आम्ही लिहिणार नाही, असे पथकाच्या बैठकीत आधीच ठरवून घेतले.

दुसरी मोठी अडचण शून्याची. यंत्राच्या मोजणीच्या मर्यादेखाली असलेल्या नमुन्यांपुढे प्रयोगशाळा ‘पेक्षा कमी’ हे चिन्ह आणि ती मर्यादा लिहून देत असे. फाइलमध्ये त्या सगळ्यांच्या जागी शून्य घातले होते. प्रथिनांचे आकडे फार विषम पसरलेले असतात, काही मोजके रुग्ण बाकीच्यांच्या कित्येक पट, म्हणून त्यांचा लॉगॅरिदम घेऊन काम करतात. शून्याचा लॉगॅरिदम निघत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर त्या ओळी गाळत होते. सर्वांत कमी मार लागलेले रुग्णच हिशेबातून बाहेर पडत होते आणि सौम्य गटाची सरासरी विनाकारण चढलेली दिसत होती. हे लक्षात आले त्या संध्याकाळी वाशीहून ठाण्याच्या लोकलने घरी परतताना माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते, कारण या आधीच्या तक्त्यांवर एक गोषवारा पाठवून झाला होता. तो आम्ही परत घेतला. मूळ अहवालांवरून मी ‘मर्यादेखाली’ असा वेगळा रकाना परत भरला, आणि ‘इतक्यापेक्षा कमी, नेमके किती ते ठाऊक नाही’ अशी माहिती जशीच्या तशी स्वीकारणारी सांख्यिकी पद्धत वापरली.

उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधील नमुन्यांचे काम त्या मानाने सरळ झाले. हिमाने लेबल झाकलेल्या नळ्या प्रयोगशाळेतल्या दादांनी हातमोज्याच्या बोटाने पुसत मला क्रमांक वाचून दाखवले आणि मी ते यादीशी जुळवले. प्रत्येक नळी आधी किती वेळा वितळवली गेली, याची नोंद त्यांच्या वहीत होती, तीही मुख्य फाइलमध्ये घेतली. एवढी नीट वही मी आधी पाहिली नव्हती.

सहा महिन्यांनंतरच्या फोनवरील पाठपुराव्याची मात्र खंत राहिली. गावी परतलेल्या मजुरांचे क्रमांक बंद लागत. जे भेटत नाहीत, त्यांची प्रकृती भेटणाऱ्यांसारखीच असेल, असे गृहीत धरणे मला पटत नाही. म्हणून न सापडलेल्यांचे वय, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) आणि पहिल्या दिवसाचे आकडे वेगळ्या तक्त्यात देण्याचा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला.

आता केस पेपरच्या संशोधन-पानावर चोवीस तासांचे घड्याळ, दोन स्वतंत्र तारखा आणि ‘वेळ कोणी सांगितली’ अशी ओळ छापलेली आहे. परवा कॅज्युअल्टीत गेले होते, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर स्ट्रेचरशेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना हलक्या आवाजात विचारत होत्या, “मावशी, तुम्ही त्यांना शेवटचं चांगलं बोलताना कधी बघितलंत?” बाई म्हणाल्या, “टीव्हीवरच्या बातम्या लागल्या तेव्हा.” सिस्टरांनी कोणत्या वाहिनीच्या, ते विचारले आणि मग वेळ लिहिली.