लोड जोडा, मग मोजा

अकरावी-बारावीला बायफोकलचा इलेक्ट्रॉनिक्स विषय घेतलेल्या आम्हा मुलांना पॉवर सप्लायचा, म्हणजे एसीतून डीसी व्होल्टेज बनवण्याचा, प्रयोग अगदी सोपा वाटायचा. १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, दोन १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मीटरवर सोळा-सतरा व्होल्ट डीसी दिसले की जर्नल लिहायला मोकळे! पण आमचे प्रॅक्टिकलचे सर तेवढ्यावर सही करत नसत. विचारायचे, "रिपल किती? आणि केवढ्या लोडवर?" रिपल म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार; लोड म्हणजे सप्लायकडून करंट घेणारी वस्तू.

लोड नसेल तर कपॅसिटर भरलेलाच राहतो आणि सीआरओवर, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर, सरळ रेघ येते. त्या रेघेवरून सप्लायबद्दल काहीच कळत नाही. म्हणून सर १५० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावायला सांगत. साधारण १०० मिलिअँपिअर करंट वाहू लागे. मग आकडा आधी कागदावर काढायचा: करंट भागिले (फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स). पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरला, म्हणजे ५० हर्ट्झ एसीच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरणाऱ्या या जोडणीला, १०० हर्ट्झ धरले की उत्तर येते १ व्होल्ट. त्यानंतरच सीआरओला हात लावायचा. कपलिंग एसीवर टाकले की डीसी अडतो, व्होल्ट-पर-डिव्हिजन (पडद्याच्या एका चौकटीला किती व्होल्ट) खाली आणता येते आणि सोळा व्होल्टांच्या माथ्यावरचा तो रिपल करवतीच्या दातांसारखा पडदाभर पसरतो. प्रत्यक्षात तो १ व्होल्टापेक्षा थोडा कमी भरतो, कारण प्रत्येक अर्ध्या चक्रात काही वेळ डायोड कपॅसिटर भरत असतो. कागद आणि पडदा यांतला हा फरक सर आमच्याकडूनच वदवून घेत. असे शिकवणारे शिक्षक मिळाले, हे आमचे भाग्यच.

मल्टिमीटरच्या एसी रेंजवर तोच रिपल ०.३ व्होल्टाच्या आत-बाहेर दिसायचा. दोन्ही वाचने बरोबर असत. सीआरओवर आपण शिखरापासून तळापर्यंतची उंची वाचतो, मीटर आरएमएसच्या, म्हणजे एका प्रकारच्या सरासरीच्या, मापात आकडा देतो.

आज मी कारखान्यांतल्या यंत्रांचे पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. एक डायोड आतून तुटून त्यातून करंट जाईनासा झाला तरी हलक्या लोडवर डीसी व्होल्टेज फारसे उतरत नाही, त्यामुळे नुसत्या मीटरवर भरवसा ठेवणारा फसतो. मी लोड जोडून सीआरओ चौकटीला ५ मिलिसेकंदांवर लावतो. दोन दातांमध्ये दोन चौकटी असतील तर दोन्ही डायोड चालू आहेत. चार दिसल्या, म्हणजे रिपल ५० हर्ट्झवर आला, की डायोड तपासायला घेतो.