शेतकऱ्यांचा पक्ष कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून

वणीहून काकांचा फोन आला की आधी कापसाचा भाव, मग पाऊस, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "तिकडं गॅसवाल्यांसमोर शेतकऱ्याच्या बाजूनं कोणता पक्ष उभा राहते बा?" इथे ऑस्ट्रेलियात, नॅराब्रायला आलेले पाहुणेही शेतांच्या फाटकांवरचे 'लॉक द गेट' या गॅसविरोधी चळवळीचे पिवळे त्रिकोण बघून हेच विचारतात. फोनवर अर्धवट राहतं, म्हणून लिहितो.

न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेला हा कापसाचा, गव्हाचा पट्टा. जवळच पिलिगाचं जंगल. खाली कोळशाचे थर, थरांत मिथेन, आणि तो पाण्याच्या दाबाने जागच्या जागी धरलेला. गॅस हवा तर आधी पाणी उपसा. वर येतं ते खारट, त्याचं करायचं काय हा एक घोर. आणि खालचा उपसा वरच्या बोअरपर्यंत पोचेल का, हा दुसरा. भांडण गॅसपेक्षा पाण्याचं जास्त आहे.

जमीन शेतकऱ्याची, पण खालचा वायू सरकारचा. हे काकांना समजावावं लागत नाही. सातबारा हातात असून कोळशापुढे काही न चाललेली माणसं त्यांनी पाहिलीत. इथे अख्खं शेत जात नाही. गॅसच्या विहिरीपुरता तुकडा जातो, तिथवर रस्ता जातो आणि त्याची भरपाई मिळते. पण ती ज्याच्या शेतात विहीर, त्याला. शेजाऱ्याला काही नाही, आणि जमिनीखालचं पाणी तर दोघांचं. पक्ष राहू द्या, आधी बांधालाच तडा जातो.

आता पक्ष. 2011 पर्यंत राज्यात लेबर पक्षाचं सरकार होतं आणि गॅसशोधाचे परवाने त्यांनी सढळ हाताने वाटले. विरोधात बसल्यावर त्यांना शेतकरी आठवला: 2015 च्या निवडणुकीत राज्यभर गॅसला स्थगिती आणि उत्तरेच्या नॉर्दर्न रिव्हर्स भागात कायमची बंदी, असं आश्वासन. शेजारच्या क्वीन्सलँडमध्ये मात्र लेबरच्याच काळात कर्टिस बेटावर गॅस द्रवरूप करून निर्यात करणारे तीन प्रकल्प मंजूर झाले. व्हिक्टोरियात पुन्हा लेबरनेच 2017 मध्ये फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडणं) आणि या गॅसवर कायद्याने बंदी घातली. पक्ष एक, सीमा ओलांडली की बोलणं दुसरं.

नॅशनल्स हा खेड्यांचा, शेतकऱ्यांचा म्हणवणारा पक्ष. लिबरल्सबरोबर सत्तेत आल्यावर 2013 मध्ये त्यांच्या सरकारने वस्त्यांभोवती दोन किलोमीटर गॅसला मनाई केली. द्राक्षमळे आणि घोड्यांच्या पैदाशीच्या भागांनाही संरक्षण दिलं. कापूस आणि गहू त्या यादीत नव्हते. (घोडा व्हावं की कापूस, हा विनोद मी उगाच करत नाही.) याच पक्षाचे माजी नेते आणि उपपंतप्रधान जॉन अँडरसन काही वर्षं ईस्टर्न स्टार गॅसचे अध्यक्ष होते. पिलिगातला प्रकल्प आधी त्याच कंपनीकडे होता. 2011 मध्ये तो सँटोस कंपनीकडे गेला. 2020 मध्ये त्याला 850 विहिरींपर्यंतची मंजुरी मिळाली.

याची किंमत नॅशनल्सने मोजली. 2014 मध्ये नॉर्दर्न रिव्हर्समध्ये लिझमोरजवळ बेंटलीला शेतकरी आणि पर्यावरणवाले एकत्र तळ ठोकून बसले आणि सरकारला विहिरीची परवानगी रोखावी लागली. पुढे अडीच कोटी डॉलर देऊन तिथल्या गॅस कंपनीचे परवाने परत घेतले. 2015 मध्ये त्याच भागातला बॅलिना मतदारसंघ ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाकडे गेला. 1988 मध्ये तो तयार झाला तेव्हापासून नॅशनल्सचाच होता. 2019 ला आमचा बारवनही गेला, 'शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स' असं भरघोस नाव असलेल्या पक्षाकडे. पण ते श्रेय एकट्या गॅसला देणार नाही. त्या उन्हाळ्यात डार्लिंग नदी आटली होती आणि मेनिंडीला मासे ढिगांनी मेले होते.

मग ग्रीन्स? या एका बाबतीत त्यांची भूमिका पहिल्यापासून तीच राहिली, हे मान्य करायलाच हवं. पण आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना ते शहरी वाटतात. कापसाला नदीचं पाणी देण्यावरून त्यांच्याशी जुनं वाकडं आहे. मला विचाराल तर सगळ्यात टिकाऊ काम एका अपक्षाच्या रेट्यातून झालं. शेजारच्याच न्यू इंग्लंडचे तेव्हाचे खासदार टोनी विंडसर. केंद्रातलं लेबरचं गिलार्ड सरकार बहुमतासाठी अपक्षांवर अवलंबून होतं, तेव्हा त्यांनी लावून धरलं आणि 2013 मध्ये कायद्यात बदल झाला: पाण्यावर मोठा परिणाम होणार असेल तर अशा गॅसप्रकल्पाला केंद्राचीही मंजुरी लागते. त्याने पिलिगाचा प्रकल्प थांबला नाही, पण पाण्याचा प्रश्न कागदावर तरी आला.

आमच्या रस्त्यावर एक म्हातारा शेतकरी आहे. फाटकावर पिवळा त्रिकोण, आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात नॅशनल्सची पत्रकं वाटायलाही तोच उभा. मी एकदा विचारलं. म्हणाला, "वडीलही इथेच उभे राहायचे." मतपत्रिकेवर पहिली पसंती कुणाला देतो, ते काही सांगितलं नाही.