शेवंतीची बादली

"कोण गेलं?"

दुपारी साडेतीन वाजता यजमानीणबाईंच्या मुलीने स्वयंपाकघराच्या दारातून हे विचारलं आणि माझ्या हातातली कात्री थबकली. तिची नजर माझ्या बादलीवर होती. बादलीत पांढऱ्या शेवंतीचे साठ देठ.

मुलगी दोन वर्षं लिऑनला शिकून आलेली. ती हसत होती, मला मात्र घाम फुटला. फ्रान्समध्ये शेवंती हे कबरीवरचं फूल. १ नोव्हेंबरला लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरींवर जातात. कुणाकडे जेवायला जाताना ही फुलं नेत नाहीत, मग जेवणाच्या टेबलावर मांडण्याची गोष्टच सोडा. आणि रात्री आठला येणाऱ्या दहा जणांत एक फ्रेंच जोडपं होतं.

चूक सर्वस्वी माझी. बाईंनी "फ्रेंच वाटलं पाहिजे" एवढंच सांगितलं होतं. मी फोटो चाळले, पांढरा रंग आणि उंच काचेच्या फुलदाण्या डोक्यात बसल्या, आणि पांढऱ्यात सगळ्यात भरवशाचं फूल कोणतं, तर शेवंती. पाण्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते, उन्हातान्हात नेली तरी रुसत नाही. फुलांच्या धंद्यात इतकं समजूतदार फूल दुसरं नाही. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण ते फूल तिकडे कुठे वाहतात हा प्रश्न काही मला पडला नव्हता.

दुसरा धक्का बाईंच्या सासूबाईंनी दिला. टेबलावर तीन उंच फुलदाण्या मी आधीच मांडल्या होत्या. आजी सहज एका खुर्चीवर टेकल्या आणि समोर बसलेल्या नातीला म्हणाल्या, "अगं, तू आहेस कुठे? नुसता आवाज येतोय."

खरं तर हा आमच्या कामातला पहिला धडा. कोपर टेबलावर टेकवून मूठ वर धरायची. फूल मुठीच्या वर जाता कामा नये. नवीन मुलींना मीच शिकवते. फोटोच्या नादात मीच विसरले.

मग मी टेबल पूर्ण रिकामं केलं. मुलीला म्हटलं, "आधी तू भांडी मांड, उरलेल्या जागेत मी फुलं बसवते." हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. तिने काटे पालथे ठेवले, टोकं कापडाकडे. तिकडची तीच पद्धत. प्रत्येकाला पाण्याचा आणि वाइनचा वेगळा ग्लास. पावाला बशी नाही, तो थेट कापडावर. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण, मग चीज, मग गोड, म्हणजे ताटल्यांची सारखी ये-जा. फ्रेंचांची ही जेवणाची रीत युनेस्कोने २०१० साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आणि त्यात टेबल सजवणंही धरलेलं आहे, असं तिने मांडता मांडता सांगितलं. माझ्या पोटात आणखी एक गोळा. मांडून झाल्यावर मध्ये उरली जेमतेम वीतभर पट्टी.

हाताशी काय होतं? फिकट गुलाबी गुलाब, रननक्युलस (छोट्या गुलाबासारखी, दाट पाकळ्यांची फुलं), थोडी निलगिरीची पानं आणि पाच हायड्रेंजिया, म्हणजे मोठ्या झुबक्यांची फुलं, त्यांनीही माना टाकलेल्या. त्यांचे देठ पुन्हा तिरके कापले आणि डोकी पाण्यात बुडवून ठेवली. हे फूल पाकळ्यांतूनही पाणी पितं. पाऊण तासात चार फुलं उठून बसली. पाचवं गेलंच. पण हायड्रेंजिया विषारी, त्यामुळे खाण्याजवळ नको. ती चार खिडकीत गेली.

टेबलासाठी बाईंकडे रिकाम्या बाटल्या, लिकरचे छोटे ग्लास, मोहरीच्या बरण्या असं जे सापडलं ते घासून घेतलं. एकेका बाटलीत एक गुलाब, नाहीतर दोन रननक्युलस. गुलाबांच्या बाहेरच्या जाड, डागाळलेल्या पाकळ्या काढल्या आणि फुलं हाताने हलकेच उमलवली. हिरवं कमी पडत होतं, तर मुलीने गच्चीतल्या कुंड्यांमधून रोझमेरी आणि थाइम या स्वयंपाकातल्या सुवासिक वनस्पती कापून आणल्या. ते मला एकदम पटलं. टेबलावर घमघमाट करणारं फूल मी कधीच ठेवत नाही, जेवणाची चव मरते; पण थाइमचा वास स्वयंपाकातलाच. सुगंधी मेणबत्त्या बाईंनी हौसेने आणल्या होत्या, त्याही मी बाजूला काढल्या. थोड्या हिरमुसल्या. साध्या लावल्या.

सगळ्या बाटल्या एका ओळीत, मुद्दाम थोड्या वाकड्यातिकड्या. आजी पुन्हा बसून बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे नात दिसली असावी.

आठला पाच मिनिटं असताना मी मागच्या दाराने निघतच होते, तेवढ्यात पाहुणे आले. फ्रेंच बाईंच्या हातात लिलीचा हा एवढा मोठा गुच्छ! घरातली प्रत्येक बाटली आणि बरणी तर मी टेबलावर वापरून टाकलेली. यजमानीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाखाली सरकवलेल्या उंच फुलदाणीकडे. कागदी रुमालाने लिलीचे पुंकेसर एकेक करून खुडले, कारण ती केशरी पूड कुणाच्या कपड्यांना लागली तर जाता जात नाही, आणि फुलदाणी जेवणाच्या टेबलापासून लांब, दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवली. तिथे ती उंची शोभली.

जाताना मागे वळून पाहिलं तर त्या पाहुण्या बाईंनी बाटलीतली थाइमची काडी उपसून बोटांत चुरडली होती आणि नवऱ्याच्या नाकाशी धरली होती.

साठ देठांची बादली गाडीत मागे होती. शेवंती माझ्या घरी अठरा दिवस टिकली.