इझलँड

गेल्या गुरुवारपासून एक शब्द डोक्यात अडकून बसलाय आणि आज बुधवार, उद्या परत जायचंय. एव्हाना हसू यायला हवं होतं. येत नाहीये, म्हणून लिहून बघते.

झालं असं की खंडूचा, म्हणजे आमच्या ग्रेहाउंड कुत्र्याचा, इथल्या इंग्लंडमधल्या शाळेतला हा चौथा गुरुवार. इयर टूचा वर्ग, पुस्तकांच्या कोपऱ्यात त्याची गोधडी अंथरलेली (आत्याने शिवलेली, तिला हे सांगायची माझी अजून हिंमत नाही), तो नेहमीसारखा एका कुशीवर चारी पाय लांब करून आडवा, आणि एकेक मूल येऊन दहा-दहा मिनिटं त्याला वाचून दाखवणार. मी बाजूला पट्टा धरून. माझं काम एवढंच. तिसरा आला तो मुलगा, जो वर्गात कुणासमोरच तोंड उघडत नाही असं मिसने आधी सांगून ठेवलं होतं. आला, बसला, खंडूच्या कानाशी चाळा करत पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आवाज इतका बारीक की माझा श्वास मलाच मोठा वाटत होता. तिसऱ्या पानावर बेट आलं, island. तो म्हणाला 'इझलँड'. आणि मी म्हणाले 'आयलंड'.

बस. ओरडले नाही, तोंड वाकडं केलं नाही, उलट हसून म्हणाले. त्याने पुस्तक मिटलं. फाडकन नाही, नीट, दोन्ही हातांनी मिटलं आणि गोधडीच्या कडेला लावून ठेवलं, आणि उरलेली सहा-सात मिनिटं खंडूचा कान उलटा-सुलटा करत बसला. रेसमधल्या ग्रेहाउंडच्या कानात आतल्या बाजूला अक्षरं गोंदलेली असतात, आता फिकट हिरवी झालीयेत, ती बोटाने गिरवत होता. एक शब्द नाही. खंडूला काय, तो झोपला होता. हे कुत्रे अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात, पोरांना वाटतं अगदी मन लावून ऐकतोय. मी हे शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

निघताना मिस म्हणाली, पुढच्या वेळी पट्टा हातातच ठेवा, पण जरा खिडकीकडे तोंड करून बसलात, स्वतःचं एखादं मासिक वगैरे आणलंत, तर तुम्हालाच जास्त कम्फर्टेबल होईल का? मी म्हटलं हो हो, आवडेल की. रात्री भांडी लावताना कळलं की मला झापलंय. अकरा वर्षं झाली या देशात, अजून इथलं झापणं मला भांडी लावतानाच कळतं.

मग जो काही राग आला. हे सगळं उभं कुणी केलं? थेरपी डॉगची टेस्ट असते, पट्टा न ओढता चालतो का, परक्या माणसाने पंजे-कान-शेपूट चाचपली तर गुरगुरतो का, मागे दाणकन काही पाडलं तर सावरतो का, हातातला खाऊ हळू घेतो का. त्यासाठी सगळा हिवाळा पावसात त्याला घेऊन हिंडले कोण? फॉर्म, रेफरन्स, पोलीस रेकॉर्डचं डीबीएस कुणाचं झालं, खंडूचं? आणि हाफ टर्मच्या सुट्टीआधी वर्गाने थँक यू कार्ड पाठवलं त्यात खंडू एवढा मोठा, डोक्यावर मुकुट, गळ्यात पट्टा, आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक हात. नुसता हात. तेव्हा फ्रिजवर लावलं होतं कौतुकाने.

ह्याला सांगितलं तर म्हणे, अगं तू टीव्हीवरचे सबटायटल्स पण करेक्ट करतेस. हे काय उत्तर झालं?

आणि मी नाही का सोडून देत? त्या वर्गाच्या दारावर 'कॅन-डू डॉग' असं मोठ्ठं पोस्टर आहे. ख आणि ंड त्यांना जमत नाही म्हणून खंडूचा कॅन-डू झाला, मिसला ते इतकं आवडलं की वर्गाचं घोषवाक्यच केलं. जेजुरीच्या देवाच्या नावाचं हे असं! आईने आधीच 'कुत्र्याला देवाचं नाव ठेवतात का' म्हणून फोनवर ऐकवलेलं, तिला मी म्हटलं खंडोबासोबत कुत्रा असतोच की. पण पोस्टरला मी काहीही बोलले नाही. पुरावा म्हणून लिहून ठेवते.

दोन रात्री याच विषयावर वाचत बसले. कुत्र्याला वाचून दाखवायचे कार्यक्रम पद्धतशीर सुरू झाले ते १९९९ मध्ये अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीला. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ चा एक अभ्यास सापडला. ३८ मुलं, स्वस्थ बसलेली असताना आणि मोठ्याने वाचताना त्यांचं ब्लड प्रेशर मोजलं, खोलीत कुत्रा असला की कमी भरलं. इथवर ठीक. पण पुढे त्या लोकांचा अंदाज असा, की कुत्र्यामुळे मुलांना समोरचा प्रयोग करणारा माणूस पण कमी भीतीदायक वाटत असावा. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. म्हणजे माझ्यापुढे अख्खा ग्रेहाउंड कमी पडला.

बरं, त्याचं चुकलं काय? इथे इयर वनला जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचण्याची, तपासणी असते, चाळीस शब्द, त्यातले वीस तर खोटेच, काही अर्थ नसलेले, एलियन वर्ड्स म्हणतात त्यांना. पोराने अर्थ नाही बघायचा, दिसतंय तसं जोडून वाचायचं. वर्षभर हे घोटून घ्यायचं आणि मग पुढ्यात बेट आणून ठेवायचं. आणि गंमत म्हणजे त्या शब्दात एस मुळात नव्हताच! जुन्या इंग्रजीत नाही. लॅटिनमधल्या इन्सुलाशी नातं आहे असं समजून नंतरच्या पंडितांनी तो घुसडला, आणि ते नातं नव्हतंच. म्हणजे चार-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी शहाण्याने चांगला चाललेला शब्द करेक्ट केला आणि त्यात माझा गुरुवार गेला.

माझा नाही, त्या पोराचा. माझा पण.

या गावाचं स्पेलिंग रीडिंग आहे आणि म्हणतात रेडिंग. पहिल्या आठवड्यात लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर तिकीट काढताना मी 'रीडिंग' म्हटलं, खिडकीतला माणूस 'रेडिंग?' एवढंच म्हणाला, चांगला होता बिचारा, हसून म्हणाला. गाडीला जेमतेम पंचवीस मिनिटं लागली. ह्याची शेजारी अखंड बडबड, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलेली. माणसाचा चेहरा आठवत नाही, दाढी होती की नाही तेही नाही. 'रेडिंग?' अजून ऐकू येतं.

बाबा रविवारचा पेपर मोठ्याने वाचून घ्यायचे. चुकलं की बोलायचे नाहीत, पेन्सिल टेबलावर आपटायची, टक्. 'आनि' टक्. 'पाऊस' ऐवजी 'पाउस' झालं, टक्. वाणी स्वच्छ झाली ती त्यामुळेच, सगळे म्हणतात, मी पण म्हणते. त्यानंतर मी कुणासमोर मोठ्याने वाचल्याचं... असो.

धाकटीचं रविवारचं मराठी वाचन एप्रिलपासून बंद आहे. पोट दुखतं म्हणते. तो विषय वेगळा आहे.

आज संध्याकाळी खंडूला फिरवताना कळलं की मला वाईट नक्की कशाचं वाटतंय. पोस्टरचं नाही, खिडकीचंही नाही. ती दोन पानं मी ऐकली होती. इतका बारीक आवाज, आणि त्याला ऐकणारी तिथे जागी मी एकटीच होते. आणि मला त्यातला एक शब्द दिसला. बरं, चूक काढण्यासारखंही काही नव्हतं, आधीची दोन पानं एकदम बरोबर होती. ती मी बरोबर म्हटली होती का? नाही. बरोबरला कोण टक् करतं.

त्या अभ्यासात आणखी एक होतं, कुत्रा पहिल्यापासून खोलीत असला तर परिणाम जास्त, मध्येच आणला तर कमी. म्हणून उद्या अर्धा तास लवकर जाणार, पोरं प्लेटाइमहून आत यायच्या आधी गोधडी पसरून खंडूला आडवा करून ठेवणार, आणि मी त्याच्या शेपटीकडे, खिडकीकडे तोंड. पिशवी भरली. पाण्याचा वाडगा, शीच्या पिशव्या, केस काढायचा रोलर. मासिक काय न्यायचं म्हणून कपाटातून गेल्या वर्षीचा दिवाळी अंक काढला, त्यांना वाचता येणार नाही, मला ऐकू आलं तरी डोळ्यांना काम राहील. सहज उघडला तर संपादकीयातच 'आशिर्वाद', शि ऱ्हस्व, आणि त्याखाली माझीच पेन्सिलची रेघ. पुढे दर दोन-तीन पानांना एक. अख्खा अंक तपासून ठेवलाय मी, आणि आत्ता एकही गोष्ट कशाबद्दल होती ते आठवत नाहीये.

तोच टाकला पिशवीत. पेन्सिल पण होती आत, ती काढून ओट्यावर ठेवली. खंडू सोफ्यावर पडलाय, डोळे उघडे आहेत. झोपलाय.