बिग आयलंड: पॉइंट्सवरची गाडी आणि तरीही आलेलं बिल

हवाईच्या बिग आयलंडवर स्वतःच्या हातात गाडी नसेल तर काही खरं नाही. कोनाहून व्होल्कॅनो नॅशनल पार्कला जायला एका बाजूने दोन तास लागतात आणि मधे जे पाहायचं ते सगळं रस्त्यावर थांबत थांबतच. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर होते, म्हणून ऑफिसच्या कामाने फिरताना साठलेले भाड्याच्या गाडीचे पॉइंट्स इथेच संपवायचे ठरवलं.

कोना विमानतळावर किल्ली घेताना बाबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि विचारलं, "फुकट आहे म्हणालास ना रे?"

फुकट असतं ते मूळ भाडं. बहुतेक कंपन्यांच्या नियमात 'फ्री डे' म्हणजे गाडीचं दिवसाचं भाडं आणि मैलांचा आकार एवढंच. कर, विमानतळाचे आकार, पेट्रोल, जादा ड्रायव्हर, गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचा खर्च हे सगळं आपल्या कार्डावर. बुकिंग करताना एकूण रकमेखाली 'टॅक्सेस अँड फीज' अशी ओळ असते, ती उघडून नीट वाचा. तिथे दोन जातीचे आकार दिसतील.

पहिली जात टक्केवारीची. विमानतळाची 'कन्सेशन फी' ११.११ टक्के दिसते. हा विचित्र आकडा येतो कुठून? कंपनी विमानतळाला उत्पन्नाच्या १० टक्के देते. ती रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल केली की तीही उत्पन्नातच धरली जाते, म्हणून दहाचे अकरा होतात. भाडं शून्य झालं की हा आकारही जवळपास गळून पडतो. हवाईचा जनरल एक्साइज टॅक्स, म्हणजे विक्रीकरासारखा राज्याचा कर, ४.७१२ टक्क्यांपर्यंत लागतो, पण भाडंच नसेल तर तोही किरकोळ.

दुसरी जात रोजच्या ठरावीक रकमेची, आणि तिच्यापुढे पॉइंट्सचं काही चालत नाही. राज्याचा भाड्याच्या गाड्यांवरचा कर २०२२ मध्ये दिवसाला साडेपाच डॉलर होता. तो दर वर्षी ५० सेंटने चढत २०२७ मध्ये ८ डॉलर होणार, म्हणजे २०२६ साठी साडेसात. विमानतळावरच्या गाडीतळाच्या इमारतीसाठी आणखी साडेचार. हे झाले दिवसाचे १२ डॉलर, शिवाय नोंदणी-परवान्याचा खर्च म्हणून कंपनी लावते ते थोडे. बाबांच्या हातातल्या कागदावर हेच होतं.

यातून गणित सरळ आहे. मूळ भाडं दिवसाला ९० डॉलर असेल तर करांसकट साधारण ११५-१२० होतात, आणि पॉइंट्सवर १२-१५ मध्ये सुटतं. तीच गाडी ऐन मंदीत ३५ ला मिळत असेल तर तेवढ्याच पॉइंट्समध्ये जेमतेम चाळीसेक डॉलर वाचतात. नाताळ किंवा स्प्रिंग ब्रेकला भाव चढलेले असताना पॉइंट्स काढा, एरवी रोख भरा. मात्र काही कंपन्या नेमक्या त्याच तारखा बंद ठेवतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी गाडी बघा. आठवडाभर गाडी हवी असेल तर आठवड्याचा दर आधीच स्वस्त असतो. त्यात मोफत दिवस घालण्याआधी दोन्ही प्रकारे किंमत काढून पाहा.

विमानतळ टाळून गावातून गाडी घ्यावी असं कोणीतरी सुचवेलच. रोख भाड्यात ते कधी कधी परवडतं. पॉइंट्सवर ११.११ टक्के तसेही गेलेले असतात, वाचणार ते फक्त साडेचार डॉलर, आणि गावापर्यंतच्या टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट जाणार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

घड्याळाकडे मात्र लक्ष ठेवा. भाड्याचा दिवस २४ तासांचा, आणि राज्याचा कर 'दिवस किंवा दिवसाचा काही भाग' असा लागतो. सकाळी अकराला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी परत करायची झाली, तर त्या दोन-तीन तासांसाठीही कर पुन्हा लागतो. परतीचं विमान दुपारचं असेल तर गाडी घेतानाच घाई करू नका, आधी सामान घ्या, खाऊन घ्या.

गाडी कोनाला घेऊन बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या हिलो गावात सोडली तर वेगळा आकार पडतो. आम्ही बेटाच्या मधून जाणाऱ्या सॅडल रोडने परत कोनालाच आलो, रस्ता सुरेख आहे. मौना केआ डोंगरावर व्हिजिटर स्टेशनच्या वर फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच, पण तुमच्या करारात तिथे जायला परवानगी आहे का ते वाचा. हवाईत टोल कुठेच नाही, त्यामुळे टोलचं यंत्र कोणी देऊ केलं तर घेऊ नका.

विम्याचं आधी फोनवर विचारून घ्या. क्रेडिट कार्डाचं संरक्षण बऱ्याचदा 'पूर्ण भाडं याच कार्डावर' या अटीवर असतं. भाडं पॉइंट्सने आणि उरलेले कर कार्डाने भरले तर ते लागू होतं का, याचं उत्तर कार्डागणिक बदलतं. काउंटरवर, मागे रांग लागलेली असताना, ते सुचत नाही. तिथे कार्डावर अनामत रक्कमही अडकवतात, शून्य भाड्याच्या गाडीलाही. डेबिट कार्ड नेऊ नका.

पेट्रोल परतीच्या वाटेवर कैलुआ-कोनातल्या कॉस्टकोत भरा, सभासद असाल तर. आणि गाडी सोडताना तिथेच पावती मागून घ्या: 'टाइम अँड माइलेज', म्हणजे मूळ भाड्याच्या ओळीपुढे शून्य नसेल तर विमानात बसण्याआधी दुरुस्त करून घेणं सोपं जातं.