कर्नाटकची सनद गोव्यात आणताना: माझा अनुभव

सावंतवाडीचा वकील म्हापशाच्या कोर्टात बसू लागला तर त्याला सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काही करावं लागत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी करणारी संस्था, एकच आहे. बेळगाव-धारवाडला एलएलबी करून तिथेच सनद काढलेल्या गोंयकारांचं तसं नाही. माझी सनद त्यातलीच.

मुळात सनदेची बदली, म्हणजे एका राज्याच्या कौन्सिलमधली नोंदणी दुसरीकडे नेणं, हवीच का, हे आधी ठरवा. अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 चं कलम 30 15 जून 2011 पासून लागू आहे, म्हणजे वकिली देशभर कुठेही करता येते. पण कलम 34 खाली हायकोर्टांना स्वतःचे नियम करता येतात. बाहेरच्या राज्याच्या रोलवरच्या (वकिलांच्या नोंदयादीतल्या) वकिलाने स्थानिक वकिलासोबतच वकालतनामा द्यावा, ही अलाहाबादची अट सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये कायम ठेवली. एखाद-दुसऱ्या प्रकरणापुरतं पर्वरीच्या हायकोर्टात येणार असाल तर इथला वकील सोबत घ्या आणि मोकळे व्हा. बिऱ्हाडच हलवलं असेल तर मात्र बदली करा.

बदली होते कलम 18 खाली, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. अर्ज नव्या कौन्सिलकडे नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. हुकूम दिल्लीहून निघतो, त्यावर बेंगळुरूच्या रोलवरून तुमचं नाव कमी होतं आणि मुंबईच्या रोलवर चढतं. सनदेची साक्षांकित प्रत, प्रतिज्ञापत्र आणि जुन्या कौन्सिलचा दाखला लागतो. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नाही, हे दाखल्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. तशी कारवाई चालू असेल तर तुमचं म्हणणं ऐकून अर्ज फेटाळता येतो. 2009-10 पासून पुढे पास झालेल्यांनी एआयबीईचं (वकिलांच्या अखिल भारतीय परीक्षेचं) प्रमाणपत्रही फाइलला लावावं. मूळ सनद जमा करायची वेळ येण्याआधी तिच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा.

बदलीला फी नाही, असं कलमातच म्हटलंय. कुणी पैसे मागितलेच तर कशाचे ते विचारा आणि पावती घ्या.

कंटाळून जुनी सनद लपवून नवी काढायची, हा ‘शॉर्टकट’ कुणी सुचवला तर ऐकू नका. कलम 17(4) प्रमाणे एका वेळी एकाच रोलवर नाव असू शकतं. माहिती दडवून मिळवलेली नोंदणी रद्दही होते. शिवाय बदलीत जुनी ज्येष्ठता टिकते, नव्या सनदेत ती जाते. जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला सात वर्षं मोजायची वेळ आली की ही वर्षं आठवतात.

फाइल अडते ती बहुतेकदा नावापायी. गोव्याच्या जन्मदाखल्यावर देसाई दोन ‘एस’चे आणि धारवाडच्या पदवीवर एकाच ‘एस’चे. दोन्ही स्पेलिंगं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा. त्रुटीचं पत्र येण्याची वाट बघू नका.

नवा नंबर हातात आला की ई-फायलिंगमधली नोंद बदला आणि रबरी शिक्का नवा करून घ्या. ‘केएआर’चा, म्हणजे कर्नाटकच्या नंबरचा, जुना शिक्का टेबलावर राहिला की घाईत वकालतनाम्यावर हमखास तोच उमटतो.