आमच्याच दोन ट्रेलरची शर्यत

जालन्यातून सळई भरून जाणाऱ्या गाड्यांचं जीपीएस बघणं हे माझं काम. ऑफिसात त्याला कंट्रोल रूम म्हणतात. म्हणजे दोन स्क्रीन, तीन मोबाइल आणि एक कूलर. प्रत्येक ट्रेलरच्या मागच्या पत्र्यावर आमचा नंबर रंगवलेला असतो, ‘तक्रार असल्यास फोन करा’ म्हणून. लोक एरवी फारसे करत नाहीत. केलाच तर फोनवर मुलं खिदळत असतात.

त्या सकाळी मात्र खरा फोन आला. समृद्धीवरून शिर्डीकडे निघालेल्या एक बाई बोलत होत्या, आणि शेजारून गाडी चालवणाऱ्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा. “तुमचेच दोन ट्रेलर आहेत. एक मधल्या लेनमध्ये, एक उजव्या. दोघंही एकाच स्पीडनं. दहा मिनिटं झाली, मागं लाइन लागलीय. रस्ता विकत घेतलाय का?”

मी नंबर विचारले. त्यांनी एक सांगितला आणि म्हणाल्या, दुसऱ्यावर पण हाच फोन नंबर आहे. स्क्रीनवर पाहिलं. माळीवाड्याच्या पुढं, वैजापूरच्या दिशेनं, आमचे दोन ठिपके एकमेकांवर चढून बसले होते. एक सलीमचाचांची गाडी, एक बाळूची. दोन्ही बावीसचाकी, एकाच वर्षीच्या, एकाच इंजिनाच्या. पहाटे अर्ध्या तासाच्या अंतरानं एकाच गेटमधून सुटलेल्या. चाचा चहाला थांबत नाहीत, बाळू थांबतो. तिथं गाठ पडली असणार.

चालत्या गाडीवर ड्रायव्हरला फोन करायचा नाही हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. त्यामुळं बघत बसण्याशिवाय इलाज नव्हता. ठिपके सुटे झाले तेव्हा शेजारी-शेजारी चालून अकरा मिनिटं झाली होती. तेवढ्यात दोघांनी मिळून चौदा किलोमीटर रस्ता अडवला होता.

मालक दहाला आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “दोन्ही गाड्यांना ऐंशीचा गव्हर्नर आहे ना? मग एक दुसरीला ओव्हरटेक करायला निघतेच कशी?”

प्रश्न बिनतोड होता. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा गव्हर्नर, म्हणजे वेग त्यापुढं वाढू न देणारं यंत्र, कारखान्यातूनच येतो. आमच्या दोन्ही गाड्यांचं सील शाबूत होतं, कुणी छेडछाड केलेली नव्हती. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, ट्रकला ८० ची. कागदावर चाचा आणि बाळू यांच्यात तसूभरही फरक नव्हता.

मी दोघांचा त्या आधीचा सपाटीवरचा, एकमेकांपासून लांब असतानाचा, पंधरा-पंधरा मिनिटांचा तुकडा काढला. जीपीएसच्या वेगाच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, तो वर-खाली उडत असतो. त्यापेक्षा दोन जागांमधलं अंतर घ्यावं आणि वेळेनं भागावं. चाचा ताशी ७९.६ नं चालले होते, बाळू ७८.१ नं. दीड किलोमीटरचा फरक.

तो आला कुठून, हे टायरवाल्या पोरानं आधी सांगितलं, गणित मी नंतर केलं. गव्हर्नरला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्सच्या पुढचा शाफ्ट किती फिरला एवढंच तो मोजतो आणि त्यावरून वेग ठरवतो. म्हणजे सगळा हिशोब घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीला आम्ही घोडा म्हणतो) मागच्या, ओढणाऱ्या चाकांच्या व्यासावर बसलेला. चाचांच्या घोड्याला मागं नवी जोडी चढवली होती. बाळूच्या टायरची नक्षी दहा मिलिमीटरनं झिजलेली. दहा त्रिज्येत, म्हणजे वीस व्यासात. एक मीटरहून जरा मोठ्या टायरमध्ये वीस मिलिमीटर म्हणजे दोन टक्क्यांना थोडं कमी. ऐंशीचे दोन टक्के काढा, दीड-पावणेदोन किलोमीटर येतात. बाळूच्या काट्यावर ऐंशी दिसत होते, चाचांच्याही काट्यावर ऐंशी, आणि दोघंही आपापल्या जागी खरे. उद्या बाळूला नवे टायर चढवले की तो चाचांच्या बरोबरीला येईल.

आता ओव्हरटेकचं गणित. ते पाचवीतल्या आगगाडीच्या उदाहरणासारखंच आहे. प्रत्येक ट्रेलर सतरा मीटर. मागचा लेन बदलतो तेव्हा पुढच्यापासून तीस मीटर मागं असतो असं धरा, आणि पुन्हा मधल्या लेनमध्ये येताना तीस मीटर पुढं जाऊन येतो. तीस, सतरा, सतरा, तीस. चौऱ्याण्णव मीटर. हे अंतर ताशी ऐंशीनं कापायचं नसतं, ते त्या दीड किलोमीटरच्या फरकानं कापायचं असतं. ताशी दीड किलोमीटर म्हणजे सेकंदाला बेचाळीस सेंटिमीटर. माणूस रांगेत सरकतो तो वेग. चौऱ्याण्णव मीटरला पावणेचार मिनिटं. आणि या पावणेचार मिनिटांत दोन्ही गाड्या रस्त्यावरून जवळपास पाच किलोमीटर पुढं गेलेल्या असतात. फरक एक किलोमीटरचा असता तर साडेपाच मिनिटं आणि साडेसात किलोमीटर. दहाचा असता तर चौतीस सेकंद. जर्मनीत हॅम इथल्या वरिष्ठ न्यायालयानं २००८ साली अशाच एका ट्रकच्या प्रकरणात पंचेचाळीस सेकंदांची आणि दहा किलोमीटरच्या फरकाची मोजपट्टी लावली होती. दहाच्या फरकानं आमचे चौऱ्याण्णव मीटर त्या पंचेचाळीस सेकंदांत बसतात. तिथंही ट्रकला कायद्यानं ८० च आहेत, म्हणजे दुखणं तेच.

पण पावणेचार मिनिटं कुठं आणि अकरा कुठं? माझ्या गणितात उरलेली सात मिनिटं बसत नव्हती. दुपारपर्यंत मी तोच तुकडा पुढं-मागं करत बसलो. जेवणाच्या वेळी वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या तेव्हा गाठ सुटली. चाचांचं एकूण वजन चोपन्न टन, बाळूचं सेहेचाळीस.

सपाटीवर गव्हर्नर राज्य करतो, चढावर वजन. समृद्धी सपाट वाटते ती कारमध्ये बसलेल्याला. शंभर मीटरला दीड मीटरचा चढ डोळ्याला दिसतही नाही, पण चोपन्न टनांच्या गाडीला तो दिसतो. २८० हॉर्सपॉवरच्या इंजिनावर असा चढ लांबवर चालू राहिला तर माझ्या हिशोबानं चाचांची गाडी त्रेपन्नवर येऊन टेकेल आणि बाळूची साठीवर. छोट्या चढावर इतकं होत नाही, आधीचा जोर कामी येतो, पण फरकाची दिशा उलटते. चाचा बाळूच्या केबिनपर्यंत पोचले की पुलाचा चढ यायचा आणि बाळू पुन्हा सरकायचा पुढं. मग उतार. आता गंमत अशी की गव्हर्नर डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. उतारावर जड गाडी आपल्या वजनानं ऐंशीच्या वर घरंगळते. चाचा पुन्हा पुढं. असं तीनदा झालं. आलेखावर दोघांच्या रेषा वेणी घातल्यासारख्या दिसत होत्या.

मागच्या लाइनचंही बघितलं. त्या वेळी त्या बाजूला तासाला तीनशेच्या आसपास कार असाव्यात असं धरलं, हा आकडा माझा अंदाज. ताशी ११० नं येणाऱ्या तीनशे कार म्हणजे किलोमीटरमागं पावणेतीन. त्या आमच्या ट्रेलरपेक्षा तीसनं जास्त पळताहेत, म्हणजे मिनिटाला दीडेक कार येऊन चिकटणार. अकरा मिनिटांत पंधरा. बाईंनी “लाइन लागलीय” म्हटलं ते अगदी खरं. हेच शनिवारी सकाळी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर झालं असतं तर लाइन किती झाली असती, ते मोजायच्या फंदात मी पडलो नाही. या सरकत्या अडथळ्यांच्या गणिताचं मूळ लाइटहिल आणि विटम या दोन इंग्रज गणितज्ञांच्या १९५५ च्या कामात आहे. त्यांच्या लेखाचा पहिला भाग नदीच्या पुराच्या लाटेवर होता आणि दुसरा रस्त्यावरच्या गर्दीवर, हे वाचल्यापासून मला ते दोघं आवडतात.

डावी लेन मोकळी होती ना, असं मालकांनी विचारलं. होती. काही कार तिथून गेल्याही, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटतं. आमचे ड्रायव्हर मधल्या लेनमध्ये चालतात कारण डावीकडं कुठं पंक्चर झालेली गाडी उभी असेल नेम नाही, रिफ्लेक्टर लावलेला असेलच असंही नाही. ट्रेलर ताशी ऐंशीवरून तिथं थांबत नाही. आणि दोन ट्रेलरच्या आडून डावीकडं घुसणाऱ्या कारला पुढचं काही दिसत नाही.

संध्याकाळी भिवंडीत गाड्या लागल्यावर दोघांना फोन केला. आधी चाचांना.

“चाचा, तीनशे किलोमीटरमागं तुम्हाला सव्वाचार मिनिटं मिळतात या दीड किलोमीटरनं. तिथं क्रेनसाठी किती वेळ थांबलात?”

“अजून नंबर नाही लागला.”

“मग कशाला?”

चाचा थोडं थांबले. “साहेब, तुम्ही मिनिटं मोजता. माझ्या समोर सळयांची टोकं, त्याला बांधलेलं लाल फडकं. ते हलतंय, हलतंय. सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही. अर्धा तास ते फडकं बघून दाखवा, डोळा मिटतो का नाही सांगा. पुढं गेलो की रस्ता दिसतो, माणूस जागा राहतो.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या मते चाचांची बाजू भक्कम आहे. गव्हर्नर लागलेल्या गाडीत ड्रायव्हरचा पाय तळाला टेकलेला असतो, वेग यंत्र ठरवतं. दुसऱ्याच्या दीड किलोमीटरनं कमी वेगाशी तासन्तास जुळवून घ्यायचं तर पाय सारखा अधांतरी धरावा लागतो.

मग बाळू. मी म्हटलं, “चाचा शेजारी आले, दिसले ना? जरा पाय का नाही काढलास?”

“मी स्पीड वाढवला नाही साहेब.”

“वाढवला म्हणत नाही. वाढवू नये असं नियमातच आहे. काढला का नाहीस?”

“पाय काढला की ॲव्हरेज पडतो. आणि मार्क पण कटतात.”

आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक ड्रायव्हरला मार्क आहेत. वेग एकसारखा ठेवला की चांगले, सारखा कमी-जास्त केला की वजा. महिन्याच्या शेवटी त्यावर बक्षीस. बाळू गेल्या महिन्यात पहिला होता. नियमाप्रमाणे तो त्या अकरा मिनिटांत आदर्श ड्रायव्हर होता, स्क्रीनवर त्याच्या नावापुढं हिरवं होतं.

रात्री त्याचंही गणित मांडलं. बाळूनं फक्त पाच किलोमीटरनं वेग उतरवला असता तर फरक साडेसहाचा झाला असता आणि ओव्हरटेक बावन्न सेकंदांत उरकला असता. त्या बावन्न सेकंदांत बाळू मागं पडला असता बहात्तर मीटर. वेळेत सव्वातीन सेकंद. सेहेचाळीस टनांची गाडी पुन्हा पाच किलोमीटर वर चढवायला नव्वद-एक मिलिलिटर डिझेल लागतं, आठ रुपयांच्या आसपास, आणि त्यातलंही बरंचसं पाय काढला तेव्हा वाचलेलंच असतं. उलट चाचांनी कितीही जोर लावला असता तरी गव्हर्नर त्यांना वेग वाढवू देणार नव्हता. त्या रस्त्यावर ओव्हरटेक लवकर संपवणं एकट्या बाळूच्या हातात होतं, आणि त्याचा पाय आम्हीच मार्कांनी बांधून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढं दोन गोष्टी ठेवल्या. पहिली, एकाच मार्गावरच्या गाड्या सोडताना नव्या टायरची गाडी आधी सोडायची. तीनशे किलोमीटरमध्ये दीडचा फरक सव्वाचार मिनिटांत मावतो. तेज गाडी पुढं असली की मागची तिला गाठत नाही, आणि वजन बघून थोडी उसंत ठेवली की चढ-उताराचा खेळही होत नाही. दुसरी, शेजारी गाडी असताना पाच-सहा किलोमीटरनं वेग उतरवला तर मार्क कापायचे नाहीत.

पहिली लगेच मान्य झाली, फुकटची होती ना. लोडिंगचा मुकादम मात्र भडकला. क्रेनखाली जी गाडी आधी लागते ती आधी सुटते, मी टायर बघत बसू का, असं म्हणाला. त्याला खडूनं बंपरवर खूण करून द्यायचं ठरलंय. दुसरीसाठी जीपीएसवाल्या कंपनीला मेल केला. त्यांचं उत्तर आलं की शेजारी गाडी आहे का नाही हे त्यांच्या मशीनला कळत नाही. दोन्ही गाड्या आमच्याच असतील तर दोन्ही ठिपके त्यांच्याच स्क्रीनवर असतात, असं मी उलट लिहिलंय. तोवर बाळूच्या मार्कांची दुरुस्ती मी हातानं करतो.